बाथरूमच्या फटी: खरवडणं, वाळवणं, भरणं

धायरीतला आमचा फ्लॅट काही वर्षं भाड्याने दिलेला होता. शेवटच्या भाडेकरूंनी चाव्या दिल्या तेव्हा बाथरूम लखलखत होतं. नवरा म्हणाला, चला, इथे तरी खर्च नाही. मी चप्पल काढून आत गेले तर तळव्याला टाइलची एकेक कड लागायला लागली. वाकून बघितलं. टाइल्स शाबूत, पण त्यांच्या मधल्या फटी निम्म्याहून जास्त रिकाम्या. उरलेल्या ठिकाणी पांढरं पीठ, नखाने खरवडलं की हातात येणारं.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. बेसिनखाली अ‍ॅसिडच्या रिकाम्या बाटल्या होत्या. डिपॉझिट पूर्ण परत मिळावं म्हणून घर सोडताना बाथरूम अ‍ॅसिडने घासून द्यायचं, ही आपल्याकडची सर्वमान्य पद्धत. त्यांना तरी काय बोलणार? आमच्या भागात टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी. टाइल्सवर क्षारांचा पांढरा थर चढतो तो साबणाने हलत नाही, अ‍ॅसिडने क्षणात जातो. पण क्षार कुठला आणि सिमेंट कुठलं हे अ‍ॅसिडला कळत नाही. मी फटीतला एक सुटा खडा काचेच्या जुन्या बशीत ठेवून त्यावर बाटलीतले उरलेले थेंब टाकले. आधी कडेने बारीक बुडबुडे, मग सोड्यासारखा फेस, आणि तो विरल्यावर बशीत फक्त ओला गाळ. सिमेंटमधला चुना विरघळून पाण्याबरोबर जातो, त्याने धरून ठेवलेली भुकटी मोकळी होते. टाइलच्या काचेसारख्या झिलईला साध्या धुण्याने काही होत नाही, म्हणून बाथरूम चमकतं आणि फटी मात्र दर वेळी थोड्या थोड्या खाल्ल्या जातात.

मला वाटलं, दिसायला वाईट आहे, सवडीने करू. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल होती, रंगाचे पोपडे सुटले होते आणि एका बाजूला लोणा फुटला होता. काकू समजूतदार, आवाज चढवून बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही राहायला येताय ना, त्याआधीच काय ते बघून घ्या. मग तुमचीही अडचण आणि आमचीही." सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने बघायची असते, घराच्या आतली दुरुस्ती सभासदाने आपल्या पैशाने करायची. ही ओल आमच्याच बाथरूमखाली होती, त्यामुळे वादाचा प्रश्नच नव्हता.

मिस्त्री बोलावले. पहिला दारातूनच म्हणाला, "ताई, सगळं उकरायला लागेल, कोब्यापर्यंत." दुसरा म्हणाला, काही उकरायचं नाही, वरून इपॉक्सी मारून देतो, दहा वर्षं बघायला नको. दोघांनीही खाली वाकून बघितलं नव्हतं. मग ओळखीतून एक वयस्कर गवंडी आले. त्यांनी खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं आणि एकेक टाइल वाजवत कोपऱ्यापासून दारापर्यंत उकिडवे सरकत गेले. खणखणीत आवाज म्हणजे खाली माल भरलेला, बद्द आवाज म्हणजे पोकळ. पूर्ण जमिनीत दोनच टाइल बद्द निघाल्या, त्याही दाराजवळ. "टाइल काढायची गरज नाही. फटी भरा. पण त्याला वॉटरप्रूफिंग म्हणू नका," ते म्हणाले. हे वाक्य मी तेव्हा नीट मनावर घेतलं म्हणून पुढचं सगळं शहाणपणाने झालं.

बाथरूमचा स्लॅब बहुधा खाली दबलेला असतो. त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, मग माल आणि सर्वांत वर टाइल. पाणी अडवायचं काम त्या खालच्या थराचं. ग्राउट म्हणजे फटींत भरायचा माल. सिमेंटचं ग्राउट कितीही छान भरलं तरी ते सच्छिद्रच, थोडं पाणी पिणारच. खालचा थर धड असेल तर ते पाणी तिथेच थांबतं आणि वाळतं. थर कुठे फाटलेला असेल आणि वरून फटी उघड्या असतील, तर पाणी कोब्यात साठतं, आडवं फिरतं आणि वाट मिळेल तिथून उतरतं. म्हणून खाली डाग ज्या जागी दिसतो, बरोबर त्याच्याच डोक्यावर भोक असेल असं नाही.

तेव्हा आधी तपासणी. काकूंच्या छतावरच्या डागाची कड आम्ही पेन्सिलीने आखली आणि आमचं ते बाथरूम आठवडाभर पूर्ण बंद ठेवलं. डाग फिका पडत गेला. म्हणजे भिंतीतली नळाची लाइन गळत नव्हती. तिच्यात पाणी चोवीस तास दाबाने असतं, ती फुटली असती तर बाथरूम वापरा नाहीतर वापरू नका, डाग ओलाच राहिला असता. मग नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी वाहून जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या, तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फडक्याचा बोळा दाबून बसवला आणि जमिनीवर उंबऱ्याच्या खालपर्यंत पाणी सोडलं. पातळीची खूण भिंतीच्या टाइलवर. दुसऱ्या दिवशी खूण वर आणि पाणी खाली. काकूंकडे पेन्सिलीच्या रेघेच्या आत नवा गोल उमटलेला, नेमका ट्रॅपच्या आसपास. ट्रॅपची जाळी उचलून बघितलं तर कारण उघड होतं. टाइल गोल कापून ट्रॅपभोवती जो सांधा भरतात तो संपूर्ण धुऊन गेला होता. त्यात माझी करंगळी जात होती.

ग्राउट कुठलं घ्यायचं, हा प्रश्न बोहरी आळीतल्या दुकानात उभं राहून सुटत नाही, कारण तिथे समोर शंभर पाकिटं असतात आणि मागे गिऱ्हाइकांची रांग. मी घरून ठरवून गेले होते. जमीन, ट्रॅपचा सांधा आणि भिंतीची खालची एक फूट यांना इपॉक्सी. वरच्या भिंतींना पॉलिमरवालं सिमेंट ग्राउट. इपॉक्सी म्हणजे राळ आणि तिला घट्ट करणारं हार्डनर. त्यात सिमेंट नाहीच, त्यामुळे ते पाणी जवळजवळ पीत नाही आणि घरगुती सफाईच्या द्रवांना दाद देत नाही. पाकिटावर बारीक अक्षरांत युरोपीय मानकाची खूण असते, ई एन १३८८८. सिमेंटच्या ग्राउटला सीजी, राळेच्या ग्राउटला आरजी. सीजी२ असेल आणि पुढे डब्ल्यू असेल तर ते सिमेंटचं असूनही कमी पाणी पिणारं. पूर्वी गवंडी फक्त व्हाइट सिमेंट कालवून फटींवर फडक्याने पुसून द्यायचे. ते आकसतं, केसाएवढ्या भेगा पडतात. आमच्या बाथरूममध्ये मूळचं तेच होतं.

किती लागेल याचा हिशोबही करून नेला होता. टाइलची लांबी आणि रुंदी मिलिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या बेरजेला त्यांच्या गुणाकाराने भागायचं, मग फटीची रुंदी, खोली आणि १.६ यांनी गुणायचं, की चौरस मीटरला किती किलो ते निघतं. ३०० बाय ३०० ची टाइल, ३ मिलिमीटरची फट, ८ मिलिमीटर खोली, म्हणजे साधारण पाव किलो. आमची जमीन चार बाय सात फूट, म्हणजे २.६ चौरस मीटर. पाऊण किलोच्या आत काम. शेठ पाच किलोची बादली पुढे सरकवत होते. ट्रॅप आणि भिंतीची पट्टी धरूनही एक-एक किलोचे दोन पॅक पुरले. इपॉक्सी सिमेंटच्या कित्येक पट महाग असतं, त्यामुळे हा पाच मिनिटांचा हिशोब फायद्याचा.

आता खरवडणं. सगळ्या कामात सर्वांत कंटाळवाणा भाग हाच, आणि अर्ध्याहून जास्त वेळ यातच जातो. जुन्यावरच नवं फासलं तर पापुद्र्यासारखं सुटतं. टाइलच्या जाडीच्या निदान दोन तृतीयांश फट मोकळी व्हावी लागते. मी काडेपेटीची काडी घेऊन तिच्यावर पेनाने तेवढी खूण केली आणि दर वीतभर अंतरावर फटीत उभी घालून बघत गेले. अवजार म्हणून कार्बाइडच्या टोकाचं खरवडणं मिळतं, ते घेतलं होतं. पण अरुंद फटीत खरं उपयोगी पडलं ते हॅक्सॉ ब्लेडचं तुटकं पातं, एका टोकाला चिंध्या आणि इन्सुलेशन टेप गुंडाळलेलं. गवंडीकाकांनी ते खिशातून काढून दिलं. पातं फटीत उभं धरून आपल्याकडे ओढायचं, करवतीसारखं पुढे-मागे करायचं नाही. मागे-पुढे केलं की टाइलची कड उडते आणि आतला लाल रंग दिसायला लागतो, तो कायमचा. ग्राइंडर लावला तर तासाभरात होतं, पण हात जरा हलला की टाइलवर चरा. शिवाय ती धूळ. तिच्यात सिलिका असते, छातीला वाईट. हाताने करतानाही मास्क लावायलाच हवा, आणि चष्मा.

खरवडून झाल्यावर रंगाच्या ब्रशने झाडून, व्हॅक्यूमने ओढून फटी स्वच्छ केल्या. पण आत पाणी होतं. एवढी पाण्याची चाचणी झाल्यावर माल ओला असणारच, आणि ओल्यावर इपॉक्सी धरत नाही. टेबल फॅन लावून ठेवला, दार-खिडकी उघडी. वाळलं की नाही हे हाताला कळत नाही. त्याला एक सोपी युक्ती: फटींवर प्लास्टिकच्या कागदाचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवायचा. सकाळी कागदाच्या आतून दव दिसलं तर अजून ओल आहे. आमच्याकडे पुन्हा पुन्हा दव दिसत राहिलं. नवरा म्हणे, झालं आता, भरून टाक. मी नाही भरलं. कागद कोरडा निघाला तेव्हाच पॅक उघडला.

इपॉक्सीचे तीन भाग येतात: राळ, हार्डनर आणि रंगाची बारीक भुकटी. आधी राळ आणि हार्डनर एकजीव करायचे, मग भुकटी. ठरलेलं प्रमाण जराही हलवायचं नाही. अर्धा पॅक करायचा तर अंदाजाने ओतायचं नाही, वजनकाट्यावर. हार्डनर कमी पडलं तर फटी महिनाभर चिकट राहतात, आणि ते काढायला पुन्हा ब्लेड. मी काटा घेऊन बसले आणि अर्धा-अर्धाच कालवला, कारण पुण्याच्या उन्हाळ्यात हे मिश्रण पाऊण तासही थांबत नाही. त्यातून डब्यात ढीग करून ठेवलं तर स्वतःच्याच उष्णतेने तापतं आणि आणखी लवकर घट्ट होतं. म्हणून कालवलं की लगेच एका जुन्या टाइलवर पसरून ठेवायचं आणि तिथून उचलत जायचं. हातमोजे तर हवेतच. हार्डनरची त्वचेला एकदा अ‍ॅलर्जी झाली की पुढे ते नुसतं लागलं तरी खाज सुटते.

भरायला रबरी पट्टी. फटीला तिरकी, कर्णाच्या दिशेने, दाबून ओढायची. सरळ ओढली तर पट्टीची कड फटीत घुसून भरलेला माल बाहेर काढते. ट्रॅपभोवतीचा सांधा गवंडीकाकांनी भरला. ते काम मी करायला घेतलं असतं तर त्यांनी करू दिलं नसतं. आधी ट्रॅपची आतली कड पॉलिश पेपरने घासली, सांध्यात खोलवर बोटाने दाबत दोन थरांत भरलं, आणि वर जाळीकडे किंचित उतार. "इथे पाणी थांबलं की सगळं फुकट," एवढंच बोलले.

खरी परीक्षा भरण्यात नाही, पुसण्यात आहे. इपॉक्सी टाइलवर धूसर पापुद्रा सोडतं. तो वेळेत काढला नाही तर जन्माचा तिथेच. अति लवकर पुसलं तर फटीतला मालही येतो. मी बोटाने दाबून बघत होते: बोटाला लागतं पण ठसा खोल जात नाही, त्या वेळी सुरुवात. पांढरा मऊ स्क्रबर (हिरवा नको, चरे पडतात), कोमट पाण्यात साबणाचा थेंब, गोल गोल हलका हात, आणि मागून ओला स्पंज कर्णाच्या दिशेने. पाणी सतत बदलायचं. एकाने पुढे भरत जायचं आणि दुसऱ्याने मागून पुसत यायचं, असंच ते काम आहे. एकट्याने करण्याचं नव्हे. भाचा सुट्टीत आला होता, त्याला पुसायला बसवलं. "मावशी, हे तुम्ही मिस्त्रीला का नाही दिलं?" असं त्याने बादली बदलताना दर वेळी विचारलं.

वरच्या भिंतींचं सिमेंट ग्राउट त्यामानाने पोरखेळ. पाण्यात कालवून पाच-दहा मिनिटं तसंच ठेवायचं, पुन्हा ढवळायचं, पण पुन्हा पाणी घालायचं नाही. जास्त पाणी म्हणजे पुढे भेगा आणि रंगात ठिपके. भरल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी पिळलेल्या स्पंजने पुसायचं. नंतर दोन दिवस अधूनमधून ओलसर फडकं फिरवलं, कारण शेवटी ते सिमेंट आहे, त्याला पाणी मिळालं तरच घट्ट होतं.

भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात, आणि दोन भिंती मिळतात त्या उभ्या रेषेत मात्र ग्राउट भरलंच नाही. तिथे इमारत हलते. थंडी-उन्हाने का होईना, पण हलते, आणि कडक माल हमखास तडकतो. तिथे बुरशीला दाद न देणारं सॅनिटरी सिलिकॉन. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, नळीचं टोक तिरकं कापून एका दमात ओढलेली रेघ, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एकदाच वरून खाली, आणि वर कातडी धरायच्या आत टेप ओढून काढायचा. दिवसभर घरात व्हिनेगरचा वास होता.

पुन्हा ट्रॅप बंद करून पाणी भरलं ते आठवडा उलटल्यावर, कारण इपॉक्सीवर दुसऱ्या दिवशी चालता येत असलं तरी पूर्ण पक्कं व्हायला सात दिवस लागतात. काकू स्वतः बॅटरी घेऊन स्टुलावर चढल्या. रेघेच्या आत काही नाही. मी त्यांना तेव्हाच सांगितलं की खालचा थर कुठेतरी फाटलेला आहे आणि तो आम्ही दुरुस्त केलेला नाही, फक्त पाणी तिथवर पोचणं बंद केलंय. कधीतरी ते बाथरूम उकरावं लागेलच, पण आज नाही. एक पावसाळा जाऊ दे, मग रंग काढा, म्हटलं. त्यांना ते पटलं.

त्याच ओघात ओट्यामागच्या टाइल्सही काढल्या, म्हणजे खरवडायला घेतल्या. फोडणीच्या तेलाने त्या फटी पिवळ्या-तपकिरी झाल्या होत्या. आधी नुसती साफ करून बघावी म्हणून खायचा सोडा पाण्यात कालवून लेप दिला, तर पिवळ्या रेषा बघता बघता लालसर झाल्या. हळदच ती! कुंकू करताना हळदीला चुना लावतात तोच हा प्रकार. सोडा, साबण, ताजं सिमेंट, सगळेच हळदीला लाल करतात. घाबरायचं कारण नसतं. धुतल्यावर पुन्हा पिवळी होते आणि ऊन येत असेल तर हळूहळू उडतेही. आमच्या ओट्यावर ऊन येत नाही. तिथे नवं ग्राउट भरलं, तेही मुद्दाम करड्या रंगाचं. पांढरं ग्राउट स्वयंपाकघरात निवडणाऱ्यांच्या घरी फोडणी होत नसावी.

आता सांभाळण्याचं. आंघोळ झाली की जमिनीवर वायपर फिरवायचा आणि एक्झॉस्ट पंखा चालू ठेवायचा, हे नेमाने होतं. साबण आणि क्षार मिळून जो चिकट थर बसतो त्याला जुना टूथब्रश आणि भांड्यांचा साबण पुरतो. काळ्या बुरशीला पातळ केलेलं ब्लीच, खिडकी उघडी ठेवून. ब्लीच आणि अ‍ॅसिड कधीच एकापाठोपाठ नाही. त्यांच्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेततो. व्हिनेगर आणि लिंबूसत्व घरगुती म्हणून लोक बिनधास्त वापरतात, पण तीही आम्लंच. भिंतीच्या सिमेंट ग्राउटला तीही खातात, फक्त सावकाश. भिंतीच्या फटी वाळल्यावर त्यांना सीलर, म्हणजे पाणी शोषू न देणारा द्रव, लावला. तो टिकून आहे का हे बघायला फटीवर पाण्याचा थेंब टाकते. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर ठीक. फट लगेच गडद झाली तर पुन्हा सीलर.

काकूंनी दसऱ्याच्या आधी रंग काढला. आमचं दुसरं बाथरूम अजून तसंच आहे. तिथे टाइलला टाइल चिकटवून बसवलेली, ज्याला पेपर जॉइंट म्हणतात. दिसायला अखंड, पण फटच नाही तर भरणार कशात? वरून पुसलेलं काहीही महिन्यात निघून जातं. गवंडीकाका म्हणतात, ग्राइंडरने फट रुंद करण्यापेक्षा आहे तशी राहू द्या आणि ते बाथरूम उकरायची वेळ येईल तेव्हा ३ मिलिमीटरचे स्पेसर लावून टाइल्स बसवा. स्पेसरचं पाकीट तेवढं आणून माळ्यावर ठेवलंय.